हद्दीपुरता भोपळा

एकोणीस वर्षांत डेस्मंड पार्जेटर यांनी स्वतःचा भोपळा एकदाही प्रदर्शनात मांडला नव्हता. तशी मनाई करणारा नियम त्यांचाच. अपर विचम गावच्या भाजीपाला प्रदर्शनाचे ते सेक्रेटरी. कुणी कुरकुर केली, की नियमाला आणखी एक शेपूट जोडायचं, एवढंच काय ते त्यांचं काम. इंग्रजीत अशा शेपटांना तोटा नाही. कुत्री आणावीत, पण 'विदिन रीझन', म्हणजे बेताने. कांदे एकसारखे असावेत, पण 'सो फार ॲज प्रॅक्टिकेबल', म्हणजे जमेल तितपत. भाजी गावच्या हद्दीत पिकलेली हवी, सेक्रेटरी हद्दीतच राहणारा हवा, आणि त्याने स्पर्धेत उतरायचं नाही. हे सगळे नियम त्यांचेच; शेवटचा त्यांनी नव्या उत्साहाच्या भरात लिहिला होता आणि तेव्हापासून ते पस्तावत होते.

यंदा परसातला भोपळा नवराबायको दोघांनाही उचलेना.

"सेक्रेटरीपद तरी सोड, नाहीतर मी नेहमीसारखं याचं सूप करते," बायको म्युरिएल म्हणाली.

"माझ्या जागी कुणी यायला नको?"

"एकोणीस वर्षं हेच ऐकतेय."

प्रदर्शनाच्या सकाळी हॉलच्या दारातच भोपळ्याचे एक स्पर्धक, वॉल्टर गॉसलिंग, उभे होते. "अध्यक्षबाईंच्या भोपळ्याचा वेल ओढ्यापलीकडे गेलाय. ओढा म्हणजे हद्द. भोपळा बाद."

अध्यक्षा थ्रिपबाईंनी सलग अकरा वर्षं भोपळ्याचा चषक नेला होता. "नकाशा काढा, डेस्मंड," त्या शांतपणे म्हणाल्या.

डेस्मंडनी कपाटातून जुना नकाशा काढून टेबलावर पसरला. हद्द ओढ्यावरून जातच नव्हती. ती बरीच पलीकडे होती, थ्रिपबाईंचा भोपळा सुखरूप आत होता. मग पुढे वळून ती रेघ पार्जेटरांच्या मागच्या दाराला घासून गेली होती. परस आत, अख्खं घर बाहेर.

डेस्मंडनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कित्येक वर्षांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. "मी गावात राहतच नाही," ते म्हणाले. "म्हणजे मी सेक्रेटरी नाही." आणि त्यांनी लगेच म्युरिएलला फोन लावला. "कापू नकोस. शेजाऱ्यांना हाक मार आणि ढकलगाडीत घालून घेऊन ये."

थ्रिपबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. जरा वेळाने ढकलगाडी दिसू लागली, तशा त्या वळल्या.

"तुमची नेमणूकच चुकीची, मग तुम्ही लिहिलेले नियमही रद्द, नाही का? सेक्रेटरी हद्दीतला हवा, हाही तुमचाच नियम. तो गेला. म्हणजे तुम्ही सेक्रेटरी राहू शकता."

या युक्तिवादात कुठेच खोट सापडत नव्हती. डेस्मंड खुर्चीत बसले. मग त्यांना सुचलं. "तसं असेल तर सेक्रेटरीने स्पर्धेत उतरू नये, हाही माझाच. तोही गेला."

ढकलगाडी दारात आली. थ्रिपबाईंनी त्या भोपळ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या भोपळ्याकडे पाहिलं.

"नियम रद्द, पण राहण्याच्या जागेपुरते," त्या म्हणाल्या. "'इन सो फार ॲज', म्हणजे तेवढ्यापुरतंच. तुम्हीच शिकवलंत आम्हाला. लिहून घ्या."

डेस्मंडनी लिहून घेतलं. सवयीने खाली 'बाकी नियम अबाधित' असंही जोडलं, आणि मग ते किती मूर्खपणाचं होतं हे त्यांच्या लक्षात आलं.

"कुठे ठेवू हा?" म्युरिएलने धापा टाकत विचारलं.

"स्पर्धेबाहेर," डेस्मंड म्हणाले, आणि त्यांनी झालेलं सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग नकाशावर वाकून पाहिलं.

"आपलं स्वयंपाकघर कुठे येतं यात?"

"हद्दीबाहेर."

"मग माझा स्वयंपाक या गावच्या सेक्रेटरीला लागू नाही. सूप तू करायचंस."

"किती दिवस?" डेस्मंडनी थकून विचारलं.

"त्याला मर्यादा घातलेली नाही," म्युरिएल म्हणाली आणि तिने ढकलगाडी वळवली.