बेचाळीस पांढरे आणि एक सदर बाब

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही यावं. आजची गोष्ट हळू आवाजात सांगायची रीत आहे, आणि मी ती मोठ्यानेच सांगणार आहे. तेव्हा निदान जवळ असा, म्हणजे ऐकू आलं नाही ही सबब कोणाला उरणार नाही. चित्त इकडे द्या. गोष्ट लहान आहे, पण खरीखुरी माणसं आहेत तिच्यात.

माणूस ज्या गोष्टीला नाव देतो तिची निगा राखतो. ज्या गोष्टीला नाव देत नाही तिच्यासाठी समिती नेमतो. जगाचा कारभार या दोन वाक्यांवर चालतो, आणि एकंदरीत उत्तम चालतो.

एका रंगाच्या कारखान्याचंच घ्या. तिथे भिंतीला लावायच्या रंगांत पांढऱ्याच्या बेचाळीस छटा होत्या आणि बेचाळीसही जणींची बारशी झालेली होती. साय, शिंपला, धुकं, जुनं पत्र, लाजरा पांढरा (हा बैठकीच्या खोल्यांत फार खपे). या छटा डब्यात भरण्याआधी डोळ्याने तपासण्याचं काम अठरा वर्षं एका बाईकडे होतं. सगळे तिला छटाताई म्हणत. यंत्र एकोणीस आणि वीस नंबरच्या पांढऱ्यात गोंधळे. ताई गोंधळत नसे. कारखान्याने याबद्दल तिचा सत्कार केला होता आणि यंत्राची दुरुस्ती.

असा हा कारखाना आरोग्याच्या बाबतीतही दक्ष होता. दवाखाना होता, कंपाउंडर होता, आणि रजेच्या अर्जावर 'कारण' नावाचा रकाना होता. त्या वर्षी बायकांचे दोनशे बारा अर्ज आले. पैकी एकशे तीस जणींचं डोकं दुखत होतं, चौसष्ट जणींचे गुडघे, आणि अठरा जणींकडे पाहुणे आले होते. या नोंदींवरून असा शास्त्रीय निष्कर्ष निघतो, की त्या कारखान्यातल्या बायकांना मान संपली की एकदम गुडघा लागत असे. मधे काही असल्याचा पुरावा कागदोपत्री नाही. (त्यांना मुलं होती, पण ती दुसऱ्या खात्यात नोंदलेली होती.)

बायकांच्या स्वच्छतागृहाची झाडलोट मावशी करत. त्या कोणाच्या मावशी होत्या हे कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच होत्या. पाळी जाऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. एकदा फरशी पुसता पुसता त्या ताईला म्हणाल्या होत्या, की हल्ली अंगावरून जातंय जरासं. ताईच्या हातात तेव्हा एकोणीस नंबरच्या पांढऱ्याची नमुना-पट्टी होती आणि नजर तिच्यावरच.

"सगळ्याच बायकांना जातं हो, मावशी," ती म्हणाली.

वाक्य तसं बरोबर होतं. म्हणून तर मावशींनी ते आठ महिने पुरवलं.

त्या आठ महिन्यांत त्यांनी पाच रजा घेतल्या, कारण 'गुडघेदुखी'. कंपाउंडरने प्रत्येक वेळी मलम दिलं. मावशी इमानी बाई. दिलेलं औषध दिलेल्या जागी लावणाऱ्या. त्यांचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते.

मग एके सकाळी त्यांनी ताईला बोळात बाजूला घेतलं आणि पदराआडून एक कापड पुढे केलं. "तू एवढी पांढरी ओळखतेस. हे यातलं कितवं, सांग बरं."

ताईने पाहिलं. बेचाळिसांतलं ते एकही नव्हतं. मांस धुतलेल्या पाण्याचा रंग होता तो, आणि वास लपवायला मावशींनी त्यावर साबणाचा चुरा टाकला होता. ताईने हातातलं काम तिथेच ठेवलं, त्याच दिवशी मावशींना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हात धुतले, आणि बाहेर येऊन ताईला एवढंच विचारलं, की इतके दिवस यांना कोणी काही सांगितलं नव्हतं का.

सांगितलं होतं. ताईनेच सांगितलं होतं.

मावशी पावसाळा संपेपर्यंत होत्या. कारखान्याने दोन मिनिटं शांतता पाळली. या विषयावर शांतता पाळण्याचा कारखान्याला चांगलाच सराव होता.

दिवसकार्य उरकल्यावर ताई पुन्हा त्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि वही उघडून समोर बसली. मग आपल्या टेबलावर येऊन रंगाच्या पट्ट्यांचा एक तक्ता केला. मथळा ठळक: 'योनीतून जाणारा स्राव: कोणता ठीक, कोणता नाही'. (हा शब्द वाचून कोणाला ठसका लागला असेल तर पाणी प्या, आम्ही थांबतो. झालं?) वर चार पट्ट्या. पाळी झाल्यावरचे कोरडे दिवस: नुसता कोरा पुठ्ठा. मग दाटसर, सायीसारखा. महिन्याच्या मध्यावर अंड्यातल्या पांढऱ्यासारखा, बोटात धरला तर तार येणारा; तिथे तिने बिनरंगी वार्निशचा थेंब वाळवला होता. आणि कापडावर वाळून पिवळट दिसणारा. चारही पट्ट्यांसमोर एकच शेरा: 'शरीर आपलं काम करत आहे. करू द्या.'

खाली रेघ, आणि रेघेखाली चार. दह्याच्या गाठींसारखा, खाजेसकट. राखाडी, पातळ, मासळीसारख्या वासाचा. हिरवट-पिवळा, फेसाळ. आणि शेवटचा, मांस धुतलेल्या पाण्याचा, ज्याची छटा जुळवायला तिला दोन दिवस लागले. शेरा: 'डॉक्टरांना दाखवा. ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल, तर थांबू नका. पाळी कायमची गेल्यावर एक ठिपका जरी दिसला, तरी लगेच.'

तक्ता स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लागला. पॅकिंगमधल्या एका नव्या नवरीला सासरी सांगितलं होतं, की पांढरं जातं म्हणजे हाडं झिजून वाहतात. ती बिचारी वर्षभर हाडं भरून काढायची चूर्णं खात होती. तिसऱ्या पट्टीपाशी ती बराच वेळ उभी राहिली आणि घरी जाऊन चूर्णाचा डबा रिकामा करून त्यात बटणं भरली. तिच्याच शेजारी उभं राहून डबे चिकटवणारी दुसरी बाई सात महिने खाजेने झोपली नव्हती, कारण तिला सांगितलं होतं की हे असायचंच. म्हणजे बघा: जे ठीक होतं त्यावर औषध चालू होतं आणि जे बिघडलं होतं त्याला धीर दिला जात होता. व्यवस्था म्हणून यात काही कमी नव्हतं. फक्त बायकांची अदलाबदल झाली होती.

दहाव्या दिवशी पाणी गळतं म्हणून नळदुरुस्तीवाला आत गेला आणि शिस्तीचा प्रश्न निर्माण झाला.

चौकशी समिती बसली. सदस्य पाच, अध्यक्ष बडे साहेब, म्हणजे उत्पादनाचे प्रमुख. नियमाप्रमाणे एक स्त्री सदस्य हवी, ती नेमण्यात आली. परंतु विषय बायकांचा असल्याने बाईंना संकोच वाटू नये म्हणून त्यांना बाहेर बसवण्यात आलं. आरोप दोन: कारखान्याच्या पट्ट्यांचा बिगरकारखानी वापर, आणि अनुचित विषयाचा भिंतीवरून प्रसार. शिक्षा: नोकरी जाण्यापर्यंत काहीही.

पहिली बैठक त्या गोष्टीला काय म्हणायचं यातच गेली. 'सदर पदार्थ' या शब्दाला भांडारप्रमुखांनी हरकत घेतली. त्यांच्याकडे पदार्थ म्हटला की आवक-जावक दाखवावी लागते. अखेर 'सदर बाब' एकमताने मंजूर झालं. इतिवृत्तात पुढे अशी वाक्यं आहेत: 'सदर बाब महिनाभर बदलत राहते असे आरोपीचे म्हणणे आहे. समितीस याचा अनुभव नाही.'

दुसऱ्या बैठकीत गुणवत्ताप्रमुखांनी मूळ मुद्द्याला हात घातला. ज्याचा रंग दर आठवड्याला बदलतो तो माल आपण सदोष धरतो. मग रेघेच्या वर चार छटा कशा?

"साहेब, डब्यातला रंग मेलेला असतो, म्हणून तो एकसारखा राहतो," ताई म्हणाली. "इथे आत काम चालू असतं."

हे उत्तर उद्धट ठरवून नोंदवण्यात आलं. (ज्याने ही काया घडवली त्याने हे कामही तिलाच नेमून दिलं, आणि देताना तो लाजला नाही. पण तो समितीवर नव्हता.)

नियम असा, की पुराव्याच्या वस्तूची प्रत प्रत्येक संबंधित अधिकाऱ्याला द्यायची. संबंधित अधिकारी तेवीस. छटा हुबेहूब हव्यात, नाहीतर पुरावा ग्राह्य नाही. आणि हुबेहूब छटा जुळवू शकणारं माणूस कारखान्यात एकच. तेव्हा समितीने आरोपीला लेखी हुकूम दिला, की तिने आपल्या गुन्ह्याच्या तेवीस प्रती आठ दिवसांत करून द्याव्यात. ताईने त्या सहा दिवसांत दिल्या. वर 'गोपनीय, कार्यालयात उघडू नये' असा शिक्का पडला. त्यामुळे तेवीसही जणांनी पाकीट घरी नेऊन उघडलं, आणि गोपनीय असल्याने घरातल्या सगळ्यांनी वाचलं.

पुढच्या पंधरवड्यात नऊ अधिकाऱ्यांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. कारण: 'वैयक्तिक'.

निकालाच्या ठरलेल्या बैठकीच्या आदल्या दुपारी बडे साहेब छटा-विभागाच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. ताई बाराव्या नंबरचा पांढरा उजेडात धरून बसली होती. साहेबांनी खिडकीची चौकशी केली, उजेड पुरतो का ते विचारलं. मग पाकिटातून तक्ता काढला. त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या.

"ही शेवटची पट्टी. हे कितपत तातडीचं असतं?"

"आज, साहेब."

"उद्या निकालाची बैठक आहे."

"तरी आजच."

साहेबांनी तक्त्याची घडी पुन्हा घातली. "चार महिने झाले," ते म्हणाले. "ती म्हणते, गुडघे दुखतात. मीच मलम आणून देतोय."

ताईने टेबलावरची वही पुढे ओढली, डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहिला आणि पान फाडून त्यांच्या हातात दिलं. या वेळी तिच्या दुसऱ्या हातात पट्टी नव्हती. ती तिने आधीच खाली ठेवली होती.

साहेबांच्या घरच्या बाईंचं दुखणं वेळेत सापडलं. मोठं ऑपरेशन झालं, त्या उठून हिंडू-फिरू लागल्या. निकालही लागला, फक्त तीन आठवडे उशिरा. समितीने असं ठरवलं, की सदर बाब अस्तित्वात असल्याचं सिद्ध होत नाही; तक्ता दारावरून काढावा; आणि आरोपीची अठरा वर्षांची सेवा पाहता तिला फक्त लेखी ताकीद द्यावी. ताकिदीवर बड्या साहेबांनी स्वतः सही केली. सही नेहमीपेक्षा थोडी वाकडी होती, पण ग्राह्य होती. दारावर आता चार खिळ्यांच्या खुणा आहेत, आणि त्यांच्यामधला चौकोन उरलेल्या दारापेक्षा किंचित उजळ आहे. तो कितव्या नंबरचा पांढरा, हे ताईला ठाऊक आहे.

झाली गोष्ट. तुम्ही फार छान ऐकलंत. कोणी खोलीत आलं तेव्हा तुमच्यातल्या काहींनी हे पान पटकन उलटं करून ठेवलं, तेही मी पाहिलं; तुमची सोय तेवीसांच्या यादीत सहज झाली असती. तुमच्याकडे मागणं एकच. मावशींचा फोटो कुठे लागलेला नाही, त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही. तेव्हा घरात कोणी बाई गुडघे दुखतात म्हणाली, तर मलमाची डबी शोधायला उठण्याआधी, क्षणभर, त्यांची आठवण ठेवा.