टाकीतलं पाणी दाखवणारा पडदा

आमच्या इमारतीच्या टाकीत पाणी किती आहे, हे कुणालाच ठाऊक नसे. मात्र ते संपलं की सर्वांत वरच्या मजल्याला, म्हणजे आम्हाला, सगळ्यांत आधी कळे. सासरेबुवा अंथरुणाला खिळलेले. त्यांचं अंग पुसायच्या ऐन वेळी नळ कोरडा पडला की आमची ही माझ्याकडे अशी बघे, जणू टाकी मीच प्यायलोय.

मी जुना रेडिओ दुरुस्त करणारा. हौशी लोक वापरतात तो छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणला, टाकीत पाणी मोजणारा सेन्सर सोडला आणि बोर्डाला चार बोटांएवढा पडदा जोडला. वायरी चारच : दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. पडदा उजळला, पण अक्षर काही उमटेना. दोन दिवस वायरी उपटून पुन्हा लावल्या. शेवटी पाठीमागचा इवलासा स्क्रू पिळला. तो अक्षरं ठळक-फिकी करायचा. लगेच उमटलं : 'पाणी ४० टक्के'. मला आनंदानं रडूच आलं.

पडदा जिन्यापाशी लागला. चाळीस टक्के वाचताच प्रत्येकानं खबरदारी म्हणून पिंपं भरून घेतली. संध्याकाळी आकडा बारावर आला. तातडीची सभा भरली.

"पडदा लावायच्या आधी कधी बारा टक्के झालं होतं का?" सेक्रेटरींनी विचारलं. कुणालाच आठवेना. सबब, पाणी पडद्यामुळे घटते, असा निष्कर्ष एकमताने निघाला.

"अहो साहेब, पंप जास्त वेळ चालवा ना!" मी म्हणालो.

"ते बघू नंतर. आधी लोकांची घबराट थांबली पाहिजे. हा मागचा स्क्रू कसला?"

कारागिराला त्याच्या कामाबद्दल विचारलं की त्याचं तोंड आवरत नाही. मी प्रात्यक्षिकासह समजावलं. सेक्रेटरींनी स्क्रू उलटा पिळला. अक्षरं गेली, निळा उजेड तेवढा राहिला. सभेनं सुटकेचा निःश्वास टाकला. स्क्रूला सील ठोकून त्याच्या देखरेखीसाठी तिघांची उपसमिती नेमण्यात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ ठणठणीत कोरडा. ही जिन्यातून ओरडली, "अहो, पाणी गेलंय! पंप लावा कुणीतरी!"

"काहीतरीच काय, वहिनी!" खालून उत्तर आलं. "पडदा चालू आहे की!"

हिनं बादली उचलली आणि शेजारची इमारत गाठली. परतली ती अर्धी बादली आणि तिथल्या सेक्रेटरींची चिठ्ठी घेऊन : 'आमच्याकडेही पाण्याच्या फार तक्रारी आहेत. एक पडदा द्यावा. सेन्सर नको.'

मी आधी भयंकर संतापलो. मग दिला. आजवर सतरा इमारतींना दिलेत आणि एकाही ठिकाणाहून तक्रार नाही. बोर्ड लागत नाही, दोन वायरींत काम भागतं. निळा, हिरवा, पिवळा, तिन्ही रंग शिल्लक आहेत. तुमच्या जिन्यासाठी कोणता काढून ठेवू?