दोन वाजताची बेल

ज्ञानदेव काळोखे यांचं यंत्र त्यांच्या पत्नी कौशल्याबाई गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी वाजायला लागलं. दुपारी दोनला, भेटायला आलेल्या माणसांनी घर भरलेलं असताना ते असं कडाडलं, की विश्रांतवाडीतल्या त्या दोन खोल्यांतले सगळे उठून उभे राहिले.

यंत्र म्हणजे साबणाच्या डबीएवढा सर्किट बोर्ड, एक बेल आणि एक लाल बटण. भोसरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं कंट्रोल पॅनेल जोडून निवृत्त झाल्यावर ज्ञानदेवांनी ते बायकोसाठी बनवलं होतं. दोनला बेल वाजली की रक्तदाबाची गोळी घ्यायची आणि बटण दाबायचं. वेळेची नोंद यंत्र ठेवणार. सोबत चार पानी माहितीपत्रकही त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. कौशल्याबाई त्यावर लसूण सोलत.

दीड वर्षात ही बेल ज्ञानदेवांनी एकदाही ऐकली नव्हती. एक ते चार त्यांची झोप, आणि त्या झोपेत घरात कुणी भांडं वाजवायचं नाही असा कायदा. "आज वाजलं नाही का गं?" असं विचारलं, की कौशल्याबाई म्हणत, "वाजलं की. तुम्ही घोरत होतात."

आता तीच बेल त्यांना रोज अंथरुणातून उठवत होती. एवढी मोठी बेल दीड वर्ष ऐकू येत नाही? म्हणजे ती वाजतच नव्हती. आपलं मन राखायला ती खोटं बोलत होती, गोळ्या चुकत होत्या, आणि आपल्याच हातच्या यंत्रानं तिचा घात केला. असं त्यांनी मनाशी धरलं.

खरं काय ते यंत्राच्या पोटात होतं. पण त्यात फक्त तीस दिवसांच्या ओळी मावत. कौशल्याबाईंना जाऊन पंचवीस दिवस झाले होते. रोज दोनला एक नवी ओळ आत येई आणि तिची एक पुसली जाई. बॅटरी काढावी, तर सगळंच पुसलं जाणार. तिच्या पाच ओळी उरल्या होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीहून लेक आली. "उत्कर्षा, हे तुझ्या लॅपटॉपला जोड."

"बाबा, याला तुमच्या जुन्या वायरी जोडायचं सीरियल पोर्टच नाहीये."

"मग तू नऊ तास त्याच्यावर करतेस काय?"

शनिवारी दोघं त्या वायरी लॅपटॉपला जोडून देणारा कन्व्हर्टर आणायला बुधवार पेठेत पोहोचले, तेव्हा दुकानदार शटर ओढत होता.

"कन्व्हर्टर आहे का?"

"आहे."

"द्या ना."

"चारनंतर."

"अहो, दोन वाजता माझी एक ओळ पुसली जाईल."

"आणि माझी झोप जाईल, तिचं काय?"

हा कायदा ज्ञानदेवांच्याच घरचा होता. ते पायरीवर चारपर्यंत बसून राहिले. चार ओळी उरल्या.

घरी येऊन उत्कर्षानं वायरी जोडल्या. पडदा कोराच. ज्ञानदेवांनी चष्मा चढवला. "बोर्डाची बोलायची वायर तू कॉम्प्युटरच्या बोलायच्या वायरीला जोडलीस. दोघं बोलणार, मग ऐकणार कोण?"

"तुमचं आणि आईचं असंच तर चालायचं," ती म्हणून गेली. ज्ञानदेव वायरी सोडवू लागले.

वायरी अदलाबदल केल्यावर पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. बोर्ड आणि लॅपटॉपचा बोलण्याचा वेग जुळत नव्हता, आणि आपण बोर्डाचा वेग किती ठेवला होता हे ज्ञानदेव विसरले होते. लिहिलेला होता फक्त माहितीपत्रकात. रविवारी सकाळपासून त्यांनी स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. शोधता शोधता दोन वाजले, बेल वाजली, तीन ओळी उरल्या. शेवटी तांदळाच्या डब्याखाली ते सापडलं. पहिल्या पानावर हळदीचा डाग होता आणि त्याखाली वेगाचा आकडा.

तिसऱ्या पानावर एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती: 'गोळी आधीच घेतल्यास बटण तेव्हाच दाबावे. त्या दिवशी बेल वाजणार नाही.'

ही सोय आपण ठेवली होती, हेही त्यांना आठवत नव्हतं.

उत्कर्षानं वेग बदलला. पडद्यावर ओळी नीट उमटल्या. वरच्या तीन अशा: एक पंचावन्न, गोळी घेतली. एक चोपन्न, गोळी घेतली. एक पंचावन्न, गोळी घेतली. त्यातली शेवटची, कौशल्याबाई ज्या संध्याकाळी गेल्या त्याच दिवशीच्या दुपारची होती. खाली सत्तावीस ओळी: दोन वाजता बेल, बटण नाही.

"बाबा, आईनं गोळी चुकवलीच नव्हती. पण रोज पाच मिनिटं आधी का?"

"माझी झोप मोडू नये म्हणून," ज्ञानदेव म्हणाले, आणि लेकीसमोर पहिल्यांदाच रडले.

"आता काढू याची बॅटरी?" तिनं हळूच विचारलं.

"राहू दे."

सोमवारी एकला ते अंथरुणावर न जाता यंत्रापाशी खुर्ची घेऊन बसले. एक पंचावन्नला त्यांचं बोट बटणावर गेलं आणि परत आलं. दोनला बेल वाजली. मिनिटभर वाजून ती आपोआप थांबेपर्यंत त्यांनी पूर्ण ऐकली.

"वाजली गं," ते म्हणाले. "आज घोरत नव्हतो मी."