चिठ्ठीत निघाली भलतीच शाळा!

आधीच सांगून टाकते: मी बोलायला उभी राहिले की समोरचा खाली बसतो! नववीत गेल्यापासून माझ्या तोंडाला ब्रेकच राहिलेला नाही, असं आई म्हणते. मी ते कौतुक समजते.

म्हणूनच शाळाशाळांच्या वादविवाद स्पर्धेचा विषय फळ्यावर लागला, ‘सरकारी शाळा बरी की खासगी?’, तेव्हा मोठ्या बाईंचं बोट सरळ माझ्याकडे वळलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या खोलीत एक काचेचं कपाट आहे, खास बक्षिसांसाठी बनवून घेतलेलं. गेली अकरा वर्षं त्यात खडूंचे खोके, एक पंक्चर फुटबॉल आणि दोन फडकी सुखानं नांदतायत.

“एक चषक आण गं पोरी,” बाई म्हणाल्या, “त्या कपाटाला कळू तरी दे, ते कशासाठी जन्माला आलंय!”

“बाई, फडकी आजच हलवा!” मी म्हणाले.

अहो, सरकारी शाळा म्हणजे माझा हातखंडा! आणि समोर कोण? माझी मामेबहीण, खासगी शाळेतली! सहा वर्षांच्या होतो तेव्हापासून आम्ही दोघी प्रत्येक सुट्टीत हेच भांडण भांडतोय. ती म्हणणार, “आमच्या नळाखाली नुसता हात धरला की पाणी येतं!” मी म्हणणार, “आमच्या नळाला एकीनं दाबून धरायचं आणि दुसरीनं प्यायचं! म्हणून आमची मैत्री टिकते!” आठ वर्षांचा सराव! अजून काय हवं?

स्पर्धेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत आई-बाबा, शेजारी मामा-मामी. त्यांच्या मागे मोठ्या बाई, मांडीवर रिकामी कापडी पिशवी. चषक न्यायला!

इतक्यात परीक्षक म्हणाले, “कोणी कुठली बाजू मांडायची, ते चिठ्ठ्या टाकून ठरेल.”

मी ऐटीत चिठ्ठी उचलली, उघडली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ‘खासगी’!

मामेबहिणीच्या हातात ‘सरकारी’. तिचा चेहरा उलटा घातलेल्या मोज्यासारखा झाला होता.

“बदलायच्या का?” मी पुटपुटले.

“चूप! बघतायत ते!”

काय करणार? डोळ्यांसमोर बाईंची ती रिकामी पिशवी. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं, हिच्या आठ वर्षांच्या बढाया आणि टोमणे मला तोंडपाठ आहेत की!

सुटलेच मी! “सरकारी शाळेत बाकाचा चौथा पाय म्हणजे वीट! दोन वर्गांच्या मधल्या दारात एकच बाई उभ्या, डाव्या कानानं पाचवी ऐकतात, उजव्या कानानं सहावी! याला शिक्षण म्हणायचं की कसरत?” टाळ्या! बाबा तर मान डोलावत होते. मोठ्या बाई मात्र पिशवीचे बंद पिळत होत्या.

मग मामेबहीण उठली. तिनं काय केलं? माझ्या बढाया शब्दन् शब्द म्हटल्या! “तीन दिवस शाळेत नाही गेलं तर तिथल्या बाई स्वतः घरी येतात. आमच्या घरी येतो तो फक्त मेसेज!” मामीनं डोळे पुसले. चोरटी कुठली! वाक्य माझं, डोळे तिच्या आईचे!

निकाल लागला. मी अर्ध्या गुणानं पहिली! परीक्षकांनी माईक हातात घेतला. “सरकारी शाळेत काही राम नाही, हे अत्यंत प्रभावीपणे पटवून दिल्याबद्दल हा चषक सरकारी शाळेला!”

टाळ्या वाजवाव्यात की डोळे टिपावेत, हे बाईंना कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी घरी पोचते तर टेबलावर फॉर्म. खासगी शाळेचा! त्यावर माझं नाव!

“बाबा, हे काय?”

“परीक्षकांना पटलं, मग मला पटणार नाही? विटेवरच्या बाकावर बसवतो होय मी माझ्या लेकीला!”

“अहो, ती चिठ्ठी बोलत होती!”

“आवाज तर तुझाच होता.”

धरणी दुभंगायच्या आधी फोन वाजला. आईनं स्पीकर लावला. मामा! “ताई, तुमच्या मोठ्या बाईंचा नंबर दे. पोरीनं डोळे उघडले माझे. तिला तुमच्याच शाळेत घालतो.”

मागून किंचाळी आली, “आत्याऽऽ! अजिबात देऊ नकोस!”

बस्स! दोघींनी पदर खोचले. स्पर्धा पुन्हा सुरू, या वेळी फोनवर आणि आपापल्या बाजूनं! ती तिकडे पोहण्याचा तलाव, ग्रंथालय आणि तिच्या लाडक्या संगीताच्या सरांसाठी लढली. मी इकडे.

“बाबा, मला ताप आला होता, तेव्हा चौथ्या दिवशी वर्गातल्या बाई वह्या घेऊन दारात उभ्या होत्या. बसायला स्टूल तुम्हीच दिलंत! आणि दोन वर्ग एकत्र ऐकतात ना, म्हणूनच पाचवीत असताना मला सहावीची गणितं यायची! वर्गात त्रेपन्न जण आहेत, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवता पोचवता मी बोलायला शिकले. तो चषक त्या विटेवर बसूनच जिंकलाय मी!”

बाबांनी फॉर्मची हळूच घडी घातली. तिकडे मामाही नरमला.

“हे काल का नाही बोललीस?” बाबा म्हणाले. “हे जास्त चांगलं होतं.”

मी तो फॉर्म आधी रद्दीत टाकला!

तर आमच्या कपाटातून खडू, फुटबॉल आणि फडकी हलली. मधोमध चषक बसला. शाळाभर पेढे वाटल्यासारखा आनंद! मग बाईंनी चष्मा लावून खालची पट्टी वाचली. आयोजकांनी दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आधीच तयार ठेवल्या होत्या, त्यातली जिंकलेल्या बाजूची चिकटवलेली. ‘खासगी शाळाच श्रेष्ठ – प्रथम क्रमांक’!

शिपाईकाकांनी पकड आणि स्क्रूड्रायव्हर, दोन्ही लावून पाहिलं. पट्टी हलेना.

आता कोणी पाहुणे आले की बाई छाती फुगवून कपाट दाखवतात, “आमच्या मुलीनं जिंकलाय!” मीही शेजारी ताठ उभी असते. अभिमान तर आहेच, शिवाय कुणी काच उघडू नये म्हणूनही. कारण अकरा वर्षांनी आलेला आमचा चषक, शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीकडे तोंड करून उभा आहे!