सात पिढ्यांचं सुतक

"पुरणाची डाळ उतरवा चुलीवरून," दारातून आत येत गिरिधरराव म्हणाले. "परतूरकरांच्या घरात मुलगा झाला."

रमाबाईंच्या हातातली पळी थांबली. "मंग चांगलं झालं की. त्यात आपल्या डाळीनं काय केलं?"

"सोयर आलं ना आपल्याला. भाऊबंद आहेत ते. आता देवाला नैवेद्य चालत न्हाई."

"गेल्या साली हे परतूरकर जगात आहेत, एवढं तरी ठाऊक होतं का तुम्हाला?"

ठाऊक नव्हतं, हे अगदी खरं. रझाकारांच्या धामधुमीत घराणं पांगलं. कुणी नगरकडे पळालं, कुणी सोलापूरकडे, आणि परतले ते भलत्याच गावी स्थिरावले. जालन्यात एका जिनिंगच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या गिरिधररावांनी मग मनावर घेतलं, की कुळाची वंशावळ जुळवायची. पणजोबांनी मोडीत लिहिलेली एक जुनी वंशावळ होती, तिथून पुढचा धागा त्यांनी लोकांच्या जन्मपत्रिका, श्राद्धाच्या तिथी आणि क्षेत्रोपाध्यांच्या वह्या पालथ्या घालून ओढत आणला. चांगली पाच वर्षं खपले बिचारे. शेवटी सुरेख नकला करून प्रत्येक घरी एक एक पाठवली.

इथंच घोडं पेंड खायला लागलं. सापडलेल्या माणसांना इतका आनंद झाला, की कुणाकडे पाळणा हलला किंवा कुणी डोळे मिटले, की सगळ्यात आधी कार्ड टाकायचं ते गिरिधररावांना. आता शास्त्र असं, की सात पिढ्यांतल्या भाऊबंदांचं सुतक आणि सोयर आपल्याला लागतं. मात्र कानावर आलं तरच. गिरिधरराव हे अख्ख्या जालन्यात सगळ्यात जास्त बातम्या कानावर येणारे गृहस्थ होऊन बसले. गौरी शेजारच्यांच्या हातून बसवाव्या लागल्या, पाडव्याला गुढी उभारली नाही, आणि वैशाखात लेकीचं, नीलाचं लग्न ठरलं तर राजूरचे केशवअण्णा नेमके आदल्या आठवड्यात गेले. मुहूर्त पुढे ढकलावा लागला.

नवऱ्या मुलाच्या वडिलांनी निरोप धाडला, "एक डाव समजून घेतलं. ही तारीख टळली तर आम्ही दुसरं स्थळ पाहणार." नीलाचं तोंड एवढंसं झालं. पोरगी रात्री जेवली नाही.

रमाबाईंनी पदर खोचला. "देवक बसेपर्यंत या कुळात कुणी मरायचं न्हाई अन् कुणी जन्मायचं न्हाई."

"अहो, ते काय आपल्या हातात आहे?"

"ऐकणं तर आहे ना हातात? एकदा देवक बसलं, की मंग लग्न होईस्तोवर सुतक आडवं येत न्हाई. तोवर कान बंद ठेवा."

पोस्टमनला सांगून टाकलं, की टपाल तुझ्याकडेच ठेव. गिरिधरराव कचेरीला जाताना ओळखीचं माणूस दिसलं की बोळात शिरू लागले. असे आठ-दहा दिवस निभावले, आणि देवकाची सकाळ उजाडली. भटजींची मोटार मात्र वाटेत बंद पडली होती.

भटजींऐवजी दारात उभा राहिला एक साठीचा, धुळीनं माखलेला माणूस. डोक्यावर नुकते खुंट फुटलेले, मिशी साफ उतरवलेली. ते डोकं पाहूनच गिरिधररावांनी ओळखलं, की सुतक दारात आलं.

"मी मार्तंड. तीर्थपुरीचा," पाहुणा म्हणाला. "तुमच्या वंशावळीत शेवटच्या फांदीला आहे मी. गिरिधरराव, मुद्दाम सांगायला आल्तो, की आपल्या—"

रमाबाईंनी पुढे होऊन अख्खा बुंदीचा लाडू त्यांच्या तोंडात घातला.

"आधी गोड खा, भाऊजी. बोलणं कुठं पळून चाललं?"

लाडू गिळून मार्तंडराव पुन्हा म्हणाले, "आपल्या घराण्यात—" दुसरा लाडू गेला. मग त्यांना न्हाणीघरात धाडलं. तिथूनही आवाज येऊ लागला, तेव्हा नीलानं दाराशी बसून थाळी वाजवायला सुरुवात केली. बाहेर आले तर गिरिधरराव हात जोडून उभे. "पाया पडतो तुमच्या. देवक बसेपर्यंत एक अक्षर काढू नका." काहीच न कळून मार्तंडराव ओसरीच्या कोपऱ्यात गप्प बसले. समोर लाडवांचं ताट ठेवून रमाबाईंनी राखण केली.

दुपार टळता टळता भटजी आले. देवक बसलं. रमाबाईंनी हुश्श केलं आणि कोपऱ्याकडे वळल्या.

"आता बोला, भाऊजी. कोण गेलं?"

"कोण कशाला जाईल? सगळे मजेत आहेत."

"अहो, मंग हे डोकं?"

"ते केशवअण्णांचं. तुम्हीच कळवलं होतं ना?" मार्तंडराव खुंटांवरून हात फिरवत म्हणाले. "मला आजवर कधी कुणाचं सुतक आलंच न्हवतं. पहिलंच होतं, म्हणून सगळं बराबर पाळलं. मिशीसुद्धा ठेवली न्हाई."

गिरिधररावांना हसावं की काय करावं ते कळेना. "पण सांगायला काय आल्ता तुम्ही?"

मार्तंडराव जरा अवघडले.

"बायको जाऊन लई वर्षं झाली. लेकरूबाळ न्हाई. आजारी पडलो, की वाटायचं, आपण गेलो तर जेवणाचं ताट बाजूला सारणारंसुद्धा कुणी न्हाई. तुमची वंशावळ आली. वाचून राह्यलो, तर आपल्या घराण्यात एवढी घरं. या सगळ्यांना माझं सुतक लागतं. लई उपकार झाले, गिरिधरराव. तेवढंच सांगायला आल्तो."

वर्षभर सुतकाच्या नावानं खडे फोडणाऱ्या रमाबाईंनी पदरानं डोळे टिपले.

"घाई बिलकुल करू नका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण धरू आम्ही. दहाच्या दहा दिवस धरू."