शालूच्या वळकटीचे प्रकरण

कसबा पेठेत माझ्या नजरेतून काही सुटत नाही. कोणाच्या दारात कोणाच्या चपला किती वेळ होत्या, हे मी चपलांच्या मालकांपेक्षा अचूक सांगू शकते. दुधात पाणी किती, हे गवळी जिना चढत असतानाच ओळखते, त्याच्या चालीवरून. तर्कशास्त्र घेऊन बी.ए., सेकंड क्लास. वय अडतीस, चष्मा नाही. पोलिसांनी आजवर माझा सल्ला घेतलेला नाही, यावरून पोलिसांविषयी काय ते समजावे.

अशा माझ्या घरातून सोमवारी सकाळी एक वळकटी नाहीशी झाली.

वळकटी माझ्या मुलीची, शालूची. ती मांजरी गावाच्या पुढच्या एका कॉलेजात शेतीचं शिकायला चालली होती. प्रात्यक्षिकं सकाळी सहाला, म्हणून वसतिगृहात राहणं आलं. "बसने जाऊन-येऊन कर की," असं मी एकदाच सुचवलं होतं. शालूच्या मते एकोणीस वेळा.

तयारी मात्र मी कसून केली. ट्रंक, बादली, टमरेल, मेतकुटाचा डबा, पडद्याचं कापड, खिळे, हातोडी आणि दोन कुलपं. एक दाराला, दुसरं पहिल्यावर भरवसा नाही म्हणून. वसतिगृहाचं पत्र मी वळकटीत गादीच्या घडीत खुपसलं. चोर ट्रंक फोडतो, गादी कोण उलगडतो? पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, सोमवारी दुपारी बारापर्यंत पत्र दाखवून खोली ताब्यात घ्यावी, नपेक्षा ती यादीतल्या पुढच्या मुलीला मिळेल.

रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं मंडईत लिंबं आणायला गेलो. लोणच्याची नव्हेत, बस लागते म्हणून. मांजरीपर्यंत बारा लिंबं मला पुरेशी वाटली. सामानावर धूळ बसू नये म्हणून जुनं लुगडं पांघरलं होतं. सोमवारी नऊ वाजता ते उचललं. ट्रंक होती, बादली होती. वळकटी नव्हती.

"कोणी कशाला हात लावू नका!" मी म्हणाले.

"लावायला आहे काय?" हे म्हणाले. हे म्हणजे श्रीधरराव, माझे पती आणि नाइलाजाने मदतनीस.

मी जमिनीवर वाकले. वळकटीच्या जागी तांबूस तांदळाचे सात दाणे आणि एक अख्खी सुपारी.

"चोर रेशनचा तांदूळ खातो," मी जाहीर केलं. "वर त्याला पानाचं व्यसन आहे. आणि त्याने ट्रान्झिस्टर सोडून गादी नेली, म्हणजे त्याला थंडी वाजते."

"मग स्वेटरवाल्यांवर पाळत ठेवू या," हे म्हणाले.

त्यांचा हा उपहास मला खटकला. वळकटीत त्यांची आवडती उशी होती आणि ती द्यायला त्यांचा विरोध होता. मी रोखून पाहिलं.

"अहो, काल झोपताना डोक्याखाली काय होतं?"

"टॉवेल."

"का?"

"तू उशी बांधलीस म्हणून!"

साक्षीदार चिडला की तिथे थांबावं. मी शालूकडे वळले. वळकटीतली सोलापुरी चादर जुनाट दिसते म्हणून तिने कुरकुर केली होती. पण मी तोंड उघडण्याआधी तीच शांतपणे म्हणाली, "आई, तू लपवलीयस."

"मी?"

"पत्र त्यात तूच खुपसलंस. बारा वाजले की खोली गेली. मग मी आहेच, बसने जाऊन-येऊन."

मांडणी निर्दोष होती. मुलगी माझीच. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझ्यामुळे, असं तिला खरंच वाटत होतं. मी हे केलं नव्हतं. पण मनातही आलं नव्हतं, असं शपथेवर सांगता आलं नसतं.

घरात आणखी एक माणूस होता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गॅलरीत पंचांग वाचत बसले होते. पण वडीलधाऱ्यांवर संशय घेण्याची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून मी त्यांना सुरुवातीलाच वगळलं होतं.

दहा वाजता शेजारच्या कुसुमताई दारात आल्या.

"सुहासिनीबाई, तुमचं ते प्रस्थान आज उचलताय का? कालपासून वळकटी माझ्या देवापुढे पडलीय. मी पूजा काय तिच्यावर बसून करू?"

आम्ही तिघांनी गॅलरीकडे पाहिलं. मामंजींनी पान उलटलं.

"सोमवारी पूर्वेला निघू नये. मांजरी पूर्वेला," ते म्हणाले. "काल मुहूर्त चांगला होता. अक्षता-सुपारी ठेवून वळकटी ताईंकडे नेऊन ठेवली. म्हणजे पोर कालच निघाली. आज नुसती पुढे जायची."

"मामंजी, सांगायचं तरी!"

"विचारलंत कुठे? नवऱ्याला विचारलंत, पोरीला विचारलंत. मी इथेच होतो."

आम्ही रिक्षा केली. बारा लिंबं घरीच राहिली. बाराला वीस मिनिटं असताना रेक्टरबाईंनी पत्र पाहिलं आणि किल्ली दिली.

खोलीत शालूची जोडीदारीण मैना आधीच आली होती, फलटणकडची. मी हातोडी काढताच ती म्हणाली, "काकू, तिथं नका ठोकू, भिंत पोकळ हाय." दोन कुलपं पाहून म्हणाली, "हितं चोरण्यासारखं काय हाय?" मुलगी मला आवडली. मी पडदा लावला, कडी तीनदा तपासली, वळकटी सोडली.

"सॉरी, आई," चादर ताणताना शालू हळूच म्हणाली.

"संशय घ्यायला शिकलीस," मी म्हटलं, "आता पुरावा गोळा करायला शीक."

संध्याकाळी घरी आले, तर तिच्या कॉटखाली ओढणीत बांधलेलं एक गाठोडं. शालू काही विसरणारी नव्हे. मी तिथेच खाली बसले.

"अहो, हे प्रस्थान आहे. घरी परत यायचं. पोरीने मुद्दाम ठेवलंय." माझा आवाज जरा चमत्कारिक झाला.

ह्यांनी गाठ सोडली. आत धुवायचे कपडे होते. वर चिठ्ठी: 'शनिवारी न्यायला येते. इस्त्री करून ठेव.'

"चुकलं तुझं अनुमान," हे म्हणाले.

"कुठे चुकलं?" मी म्हटलं.

या वेळी मात्र मी वेळ न दवडता गॅलरीत गेले.

"मामंजी, शनिवारी पश्चिमेला निघालेलं चालतं का?"

त्यांनी पंचांग उघडलंसुद्धा नाही.

"चालतं," ते म्हणाले. "मी सकाळीच बघून ठेवलंय."