उकंडरावांची दाढ आणि तीन देश

"साऱ्या दुनियेत बिमार पडायच्या लायकीचा एकच देश हाये, अन् तो म्हंजे आपला!"

उकंडरावांनी हे जाहीर केलं तेव्हा त्यांचा उजवा गाल पपईसारखा सुजला होता. हनुवटीखालून डोक्यावर गोजराबाईंच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली होती आणि तिची दोन टोकं टाळूवर सशाच्या कानांसारखी उभी होती. मोबाइलच्या पडद्यावर इंग्लंडातून पुतण्या ऋषिकेश आणि अमेरिकेतून पुतणी वैजयंती हे दृश्य आदराने पाहत होते. निदान वैजयंती पाहत होती. ऋषिकेशने हसू आवरेना म्हणून कॅमेरा बंद केला होता.

खरं तर त्याने हसायचं काही कारण नव्हतं. त्याचीही दाढ दुखत होती.

"काका, इकडे सरकारी इलाज सस्ता हाये, पण दाताचा डॉक्टर नवा पेशंट घेतच नाही. चार मयने झाले नाव लावून."

"अन् खाजगी?"

"खाजगीत गेलो तं एका दाढेत तुमच्या वावराचं बी-बियाणं निघून जाते."

"आमच्याकडे लगेच काढते," वैजयंती म्हणाली. "फक्त पयले इचारते, इमा हाये का? हाये म्हटलं तं इचारते, दाताचा हाये का? इकडे दात शरीरात धरत नाही काका. त्याचा इमा येगळा."

"शरीरात धरत नाही?" उकंडराव कडाडले. "मंग दात काय भाड्यानं राह्यते का तोंडात?"

कडाडल्यामुळे दाढेतून कळ गेली ती थेट कानशिलापर्यंत. त्या कळेने ते अजून चिडले. उकंडराव गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. गावातले बाकीचे तंटे केव्हाच मिटले होते. उरले होते ते बहुतेक अध्यक्षांचेच.

"आयक बे ऋषा! आज बुधवार. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत माही दाढ माह्या हातात असन. सरकारी दवाखान्यात, एक रुपया न देता! नाही निघाली तं घरच्या गुरुपवर तीनदा लिहीन, विलायत भारी म्हणून. अन् निघाली तं तू लिहायचं, भारत भारी!"

"अवो, पाचशे रुपये घ्या अन् कारंज्याले जा," गोजराबाई म्हणाल्या. "तठी दाताचे डॉक्टर गल्लोगल्ली हायेत."

"मंग मी हारलोच नं!"

गोजराबाई चूल सारवायला निघून गेल्या. छप्पन्न वर्षांच्या संसारात त्यांनी एवढं शिकून घेतलं होतं.

गुरुवारी गावच्या आरोग्य केंद्रात तरुण डॉक्टरने टॉर्च मारून दाढ पाहिली आणि फार नम्रपणे सांगितलं, "आजोबा, दाताची खुर्ची तालुक्याच्या दवाखान्यात आहे. डॉक्टरही तिथेच आहेत. दोघं एकत्र फक्त शुक्रवारी असतात."

"म्हंजे बाकीच्या दिवशी खुर्ची खाली?"

"नाही, बाकीच्या दिवशी डॉक्टर दुसऱ्या गावच्या खुर्चीपाशी असतात."

उकंडरावांना संताप आला. पण शुक्रवार म्हणजे उद्याच, तेव्हा त्यांनी तो गिळला. गिळतानाही दाढ दुखली.

शुक्रवारी सकाळी नवरा-बायको तालुक्याला पोचले. केसपेपर फुकट. त्याचा फोटो उकंडरावांनी ग्रुपवर टाकायला लावला. रांगेत त्यांना धरून बत्तीस माणसं होती. बारा वाजता नंबर लागला. डॉक्टर सुकेशनी मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला आणि कपाळाला आठी घातली.

"आजोबा, वरचा आकडा एकशे नव्वद आहे. अशात दाढ काढली तर रक्त थांबायचं नाही. रागीट आहात का तुम्ही?"

"कोण म्हणते?"

हे इतक्या जोरात विचारलं गेलं की दारातल्या बाकावरची तेहतिसावी बाई उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

"शांत व्हा, मग काढू," मॅडम म्हणाल्या.

"तुमी काढा बाई, राग आपोआप उतरते."

"राग उतरल्याशिवाय दाढ काढता येत नाही."

"अन् दाढ काढल्याशिवाय राग उतरत नाही!"

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने दोघांचंही बरोबर होतं. त्यामुळे मॅडमनी बीपीची एक गोळी दिली आणि अर्धा तास बाहेर बसायला सांगितलं.

गोजराबाईंनी नवऱ्याला आवारातल्या कडुनिंबाखाली बसवलं, डोक्यावर ओला रुमाल टाकला आणि सांगितलं, "काईच इचार करू नका." उकंडराव विचार न करायचा प्रयत्न करू लागले. इंग्लंडचा विचार करायचा नाही म्हटलं की इंग्लंडच दिसे. अमेरिकेचा नाही म्हटलं की भाड्याने राहणारा दात दिसे. तेवढ्यात शिपाई आला. "बाबा, आधारची झेरॉक्स द्या, कागद पूर्ण नाही."

"सकाळी दाखवलं नं कार्ड!"

"दाखवलं. आता लावायची हाये."

झेरॉक्सवाला जेवायला गेला होता. शटरवर 'आत्ता येतो' अशी पाटी होती आणि पाटीवर बऱ्याच दिवसांची धूळ होती. अर्धा तास उकंडराव त्या पाटीकडे पाहत उभे राहिले. शांत होण्यासाठी दिलेला अर्धा तास तो हाच.

झेरॉक्स लावून ते पुन्हा खुर्चीत बसले. मॅडमनी फुगा दाबला. गोजराबाईंनी डोळे मिटले. आकडा एकशे सत्तरवर, एकशे साठवर येतोय असं वाटत असतानाच खिशातला मोबाइल वाजला.

"काका! इकडे सकाळचे आठ वाजले. मी दाताच्या डॉक्टरच्या फोनवर रांगेत हावो! एकोणिसावा होतो, आता अकरावा आलो! तुमचं कुठवर आलं?"

मॅडमनी पट्टा सोडला. "दोनशे चार," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच एक घोट पाणी प्यायल्या. "आजोबा, आता मी हात लावणार नाही. वाशीमला मोठ्या दवाखान्यात जा, बीपीच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा, येत्या शुक्रवारी दाढ काढून देते."

"येत्या शुक्रवारी? अवो, दिवस आज मावळते!"

"तो दर शुक्रवारी मावळतो, आजोबा."

दुपारी तीनच्या वाशीमच्या एसटीत उकंडराव चढले ते अंगातून वाफा काढतच. पंच्याहत्तरी उलटल्यामुळे तिकीट फुकट, गोजराबाईंचंही फुकट. एरवी या गोष्टीचा त्यांना केवढा अभिमान. पण आज तोही चिडचिडीच्या कामी आला.

"पाह्यलं का," ते दातांतल्या दातांत म्हणाले, म्हणजे त्या अवस्थेत जमेल तितकं. "इंग्लंडात सस्तं हाये, पण भेटत नाही. अमेरिकेत भेटते, पण परवडत नाही. अन् आपल्याकडे फुकटबी हाये, भेटतेबी... फक्त एका दिवशी दोन्ही जमत नाही! खुर्ची एकीकडे, डॉक्टर दुसरीकडे, चिठ्ठी तिसरीकडे. माणसाची एकच दाढ, तिले कुठं कुठं नेऊन फिरवावं?"

"हळू बोला, लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या! मी इचारतो, त्या मिनिस्टराची दाढ..."

मंत्र्याच्या दाढेचं काय, ते अखेर कळलंच नाही. रस्त्यात खड्डा नव्हता, खड्ड्यात थोडा रस्ता होता, आणि गाडीने त्या थोड्या रस्त्यावरून खाली उडी घेतली. उकंडराव सीटवरून वर गेले, खाली आले आणि तोंडाने थेट पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर पोचले. खाडकन आवाज झाला. त्यांनी तोंडाशी हात नेला. तळहातावर रक्त होतं आणि रक्तात एक दात.

मग उकंडराव रुमाल तोंडावर दाबून ओरडले, "निंघाली!"

कळ गेली होती. जबडा सगळा बधिर, हलका, परक्याचा असल्यासारखा. आणि बाहेर चांगलं टळटळीत ऊन होतं. गोजराबाई "मायबाई, किती रक्त!" म्हणत होत्या, पण उकंडरावांनी बायकोला आधी व्हिडिओ कॉल लावायला लावला आणि तळहात मोबाइलसमोर धरला.

"पाह्य बे! शुक्रवार, सव्वातीन, एक रुपया नाही! तुहा नंबर?"

"चौथा," ऋषिकेश खोल आवाजात म्हणाला. मागे अजून रांगेचं संगीत वाजत होतं. "मानलं काका." आणि त्याने प्रामाणिकपणे ग्रुपवर तीनदा लिहिलं: भारत भारी. भारत भारी. भारत भारी. अमेरिकेतून वैजयंतीने टाळ्या वाजवणारे हात पाठवले. मागच्या सीटवरच्या एका अनोळखी म्हाताऱ्याने उकंडरावांची पाठ थोपटली. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना कोणाचाही राग येत नव्हता.

फोन ठेवल्यावर गोजराबाईंनी पाण्याची बाटली दिली. उकंडरावांनी चूळ भरली. गोजराबाईंनी त्यांची हनुवटी धरून तोंडात डोकावून पाहिलं, मग तळहातावर पाहिलं, मग पुन्हा तोंडात.

"अवो," त्या हळूच म्हणाल्या, "हा तं पुढचा हाये. चांगला होता हा. दाढ तं तठीच हाये."

उकंडरावांनी जीभ फिरवली. दाढ तिथेच होती, खुंटीसारखी. बधिरपणा उतरू लागला होता आणि आतून ओळखीची कळ वर येत होती. ते रागवायला गेले, पण रागवायचं कोणावर? ग्रुपवर तर अख्खं खानदान अभिनंदन करत होतं.

मग त्यांनी कंडक्टरला बोटाने जवळ बोलावलं आणि आयुष्यात कधी काढला नव्हता इतक्या मऊ आवाजात विचारलं, "भाऊ, येतानी हेच गाडी याच रस्त्यानं येते का?"

"हो आजोबा. साडेपाचला सुटते."

"मंग तेवढं हेच शीट मले धरून ठेवजो."